कापडी मास्कचा खरंच उपयोग होतो का? मदत हवी आहे

आई ७२ वर्षांची, जुना दमा, इनहेलर चालू आहे, फ्लूची लस घेतलीय. पुढच्या आठवड्यात लग्नाला जायचंय, एसटीने साडेतीन तास आणि मग हॉलमधली गर्दी. डॉक्टर एवढंच म्हणाले की मास्क लावा, कुठला ते विचारायचं माझ्याच डोक्यातून गेलं.

एन-९५ घरी लावून बघितला, दहा मिनिटांत जीव घाबरा होतो म्हणून काढून टाकते. सर्जिकल गालापाशी फटीसारखा उघडा राहतो, चष्म्यावर वाफ येते म्हणजे हवा वरूनच जातेय ना! कोरोनातले सुती दुपदरी मास्क कपाटात आहेत पण धुवून धुवून इतके विरलेत की उजेडात धरले तर खिडकीचे गज दिसतात. २०१५ मध्ये व्हिएतनामच्या हॉस्पिटल स्टाफवरचा अभ्यास आला होता त्यात कापडीवाल्यांना सर्जिकलवाल्यांपेक्षा जास्त इन्फेक्शन झालं होतं, पण ते दवाखान्यातलं, बसला ते कितपत लागू होतं कळत नाही.

लग्न टाळता येणार नाही, सख्ख्या भाचीचं आहे. तर सर्जिकलवर घट्ट कापडी लावला तर फट बंद होऊन फायदा होतो का, की दम्याच्या माणसाला त्यानेही गुदमरेल? कोणी केलंय का असं?