मदत हवी आहे: ३८ अंशांत ओतलेल्या पेन-ब्लँकला चिरा पडतात

नमस्कार मंडळी,
पॉलिएस्टर रेझिनचे ब्लँक (लेथवर कातून पेन बनवायचे तुकडे) ओततो. साचा १३० × ११० × २० मिमी, म्हणजे एकसंध लादी ओतून नंतर पाच ब्लँक कापायचे. रेझिन सुमारे ३०० ग्रॅम, हार्डनर (एमईकेपी) २ टक्के, प्रेशर पॉट (हवेच्या दाबाने बुडबुडे दाबणारं बंद भांडं) ४५ पीएसआय. वर्कशॉपचं तापमान दुपारी ३८ अंश. सहा-सात मिनिटांत रेझिन गोठून जेल होतं, पॉट बंद करेपर्यंत उशीर झालेला असतो. लादीच्या मधोमध चिरा, आत बुडबुडे, दोन रंगांच्या लाटा निघण्याऐवजी गुठळ्या. हार्डनर किती कमी करू?

खरादी:
हार्डनर १ टक्क्यावर आणा, पण दोष एकट्या हार्डनरचा नाही. ढोबळ हिशेबाने १० अंश वाढले की रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट होतो. पंचविशीत पंधरा मिनिटं टिकणारं मिश्रण तुमच्याकडे सहा मिनिटांत गोठणारच. त्यात ३०० ग्रॅमचा गठ्ठा. मधली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. पॉलिएस्टर घट्ट होताना ६-८ टक्के आक्रसतं. मधला भाग तापून आधी कडक होतो, मग थंड होताना ताण येऊन तडकतो. एकेक ब्लँकचे वेगळे साचे करा, प्रत्येकी ६० ग्रॅमच्या आत काम होतं.

हार्डनरचे थेंब मोजू नका. ड्रॉपर बदलला की थेंबाचं वजन बदलतं. ६० ग्रॅमला १ टक्का म्हणजे ०.६ ग्रॅम, त्यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. आणि १ टक्क्याच्या फार खाली जाऊ नका: ब्लँक वरून कडक वाटतो, पण आतून कच्चा राहतो आणि लेथवर हत्यार लागलं की भुगा न निघता चिवट दोरे निघतात.

पॉटवाला:
पहाटे ओता, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. ते जमत नसेल तर रेझिनचा बंद डबा तासभर गार पाण्यात ठेवा, २४-२५ अंशांवर आणा. फ्रीजइतकं गार नको. दाट झालेलं रेझिन बुडबुडे सोडत नाही. उघडण्याआधी डबा बाहेरून पुसा.

क्रम असा ठेवा: रंग आधी मिसळून कप तयार, साचा पॉटमध्ये, कंप्रेसर भरलेला. हार्डनर सगळ्यात शेवटी. सावकाश दोन मिनिटं ढवळा, कपाचा तळ आणि कडा खरवडत. जेल व्हायच्या आत दाब चढलाच पाहिजे. जेल झाल्यावर दिलेला दाब बुडबुडे दाबत नाही. दाब तीन-चार तास ठेवा आणि पॉटवर छापलेल्या मर्यादेपुढे कधीच जाऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता:
आभार दोघांचेही. रंगांचं काय? आणि पॉलियुरेथेन रेझिनवर गेलो तर सुटका होईल का?

खरादी:
रंग पातळ असताना ओतले तर एकमेकांत मिसळून राखाडी होतात, उशिरा ओतले तर तुमच्यासारख्या गुठळ्या. मधाइतकं दाट झालं की ओता. उन्हाळ्यात ती वेळ मिनिटभराचीच असते, म्हणून दोन रंगांपेक्षा जास्त एका वेळी घेऊ नका.

पॉलियुरेथेन आक्रसतं कमी, चिवटही असतं. पण ते आणखी झपाट्याने गोठतं आणि ओलाव्याशी त्याचं वैर आहे: लाकडाचा तुकडा, पावडर, कप, कशातही दमटपणा असला की फेस येतो. लाकूड १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवावं लागतं. आधी पॉलिएस्टरचंच नीट बसवा.

(बाजारात ‘अ‍ॅक्रिलिक ब्लँक’ म्हणून विकले जाणारे बरेच ब्लँक मुळात पॉलिएस्टरचेच असतात. खरं अ‍ॅक्रिलिक घरी ओतायच्या भानगडीत पडू नका.)

पॉटवाला:
एक राहिलंच. एमईकेपी उन्हात किंवा गरम शेडमध्ये ठेवू नका. कोबाल्ट प्रवेगक (क्रियेचा वेग वाढवणारं रसायन) वेगळा मिळाला असेल तर दोन्ही थेट एकमेकांत कधीच मिसळू नका, स्फोट होतो. प्रवेगक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. डोळ्यांना बंद गॉगल आणि सेंद्रिय वाफांचं फिल्टर असलेला मास्क लावा. धुळीचा कापडी मास्क स्टायरीन (पॉलिएस्टर रेझिनमधून निघणारी वाफ) अडवत नाही.