मदत हवी आहे: बागेतल्या लोरा नोडची बॅटरी दोन दिवसांत बसते

निफाडकर_धाकटा
नमस्कार मंडळी. द्राक्षबागेत पानांचा ओलावा आणि तापमान मोजायला ९ नोड, म्हणजे सेन्सरचे डबे, बसवलेत. ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर), लोरा मोड्यूल (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ), १८६५० लिथियम सेल. प्रत्येक नोड १० मिनिटांतून एकदाच रीडिंग पाठवतो. तरी दोन दिवसांत सेल झोपतो. पाठवायची पॉवर २० डीबीएमवरून १४ वर आणली, काडीचा फरक नाही. गोडी छाटणी तोंडावर आलीय. कोणता सेल घेऊ? लवकर सांगा प्लीज.

हिरवी_मिरची
सोलर लाव. विषय संपला.

निफाडकर_धाकटा
मांडवाखाली सावलीत काय डोंबल चार्ज होणार? आणि मांडवाच्या वर लावलं तर प्रत्येक फवारणीचा थर पॅनलवर. सेलचं सांगा.

सोल्डरवाला
सेलचा दोष वाटत नाही. दोन निरोपांच्या मधे रेडिओ काय करतो? ईएसपी झोपतो का? मल्टिमीटर लावून करंट मोजलाय का? डॉक्टरला फोनवर नुसतं "दुखतंय" सांगितल्यासारखी पोस्ट आहे ही.

निफाडकर_धाकटा
मधे ऐकत असतो, दुसरं काय करणार? लांबच्या नोडचं थेट घरापर्यंत पोचत नाही, म्हणून प्रत्येक नोड शेजाऱ्याचा निरोप पुढे ढकलतो. झोपला तर ढकलणार कोण? करंट ५२ मिलिअँपिअर, सतत.

नियमावली
मोड्यूल ४३३ चं की ८६५ चं? भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून विनापरवाना आहे. १ वॅटपर्यंत चालतं.

निफाडकर_धाकटा
८६५. हे कुणी विचारलं होतं?

सोल्डरवाला
सेल २६०० मिलिअँपिअर-अवरचा धरू. २६०० भागिले ५२ म्हणजे ५० तास. झाले तुमचे दोन दिवस. एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर, वाढला की निरोप हवेत जास्त वेळ राहतो) किती ठेवलाय?

निफाडकर_धाकटा
एसएफ १०, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ. निरोप २० बाइटचा.

सोल्डरवाला
म्हणजे हवेत ०.३७ सेकंद. २० डीबीएमला रेडिओ १२० मिलिअँपिअर खातो, पण तेवढाच वेळ. १० मिनिटांवर पसरलं तर सरासरी ०.०७. नुसतं ऐकायला रेडिओ ११ घेतो, चोवीस तास, आणि त्याच्यासाठी जागा राहिलेला ईएसपी वर ४० घेतो. बोलण्यावर काटकसर करून काय मिळणार? ऐकणं कमी करा.

सांगलीची_बाग
आमच्याकडे पण आधी असंच नोड-टू-नोड होतं. काढून टाकलं. शेडवर २० फुटी जीआय पाइप उभा केला, वर एक अँटेना, सगळे नोड थेट तिलाच बोलतात. बोलून झालं की झोप. ऐकायची गरजच नाही. लोरा घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांमार्फत निरोप कशाला फिरवायचे?

निफाडकर_धाकटा
ताई, घर ओढ्यापलीकडे, मधे उंचवटा. पाइप त्या उंचवट्यावरच लागेल आणि तो चुलत्यांचा आहे. पुढचं विचारू नका.

हिरवी_मिरची
मोजणी मागवली का? आमच्याकडे बांधावरून कोर्टात अकरा वर्षं चाललंय.

खडूस_मास्तर
बांध राहू द्या. या दुखण्याला जुनं नाव आहे, रिकामं ऐकणं. वायरलेस सेन्सरवाले २००२ च्या एस-मॅकपासून (नोडनी कधी बोलायचं, कधी झोपायचं याची एक पद्धत) याच्याशीच झगडतायत. सगळ्यांनी ठरलेल्या वेळी उठायचं, बोलायचं, झोपायचं. तुमच्या नोडना वेळापत्रक द्या.

रानवारा
वेळापत्रक नको. घड्याळं सरकतात आणि मग सगळे मुके. लोरा चिपमध्येच सोय आहे, कॅड म्हणतात. चॅनेलवर कुणी बोलतंय का याचा फक्त कानोसा घ्यायचा. एसएफ १० ला साधारण १६ मिलिसेकंद लागतात. दर २ सेकंदांनी उठा, कानोसा घ्या, झोपा. पाठवणाऱ्याने प्रिअँबल, म्हणजे निरोपाआधीचा इशारा, २ सेकंदांहून लांब ठेवायचा, २५० सिम्बॉल (लोराचे छोटे सूर) पुरेत. ऐकण्याचा खर्च ११ वरून ०.१ वर येतो. मी गोठ्यात हेच लावलंय, झकास चालतं.

खडूस_मास्तर
गोठ्यात नोड किती? दोन? इथे घराजवळच्या नोडला स्वतःचा धरून ९ निरोप पुढे द्यायचेत. लांब प्रिअँबलसकट एक निरोप २.३ सेकंदांचा. २० डीबीएमला ९ निरोपांचे पाठवण्यातच सरासरी ४ मिलिअँपिअर गेले, आणि ज्यांच्यासाठी निरोप नाही ते शेजारी तो प्रिअँबल फुकट ऐकत बसणार. २००४ च्या बी-मॅक पद्धतीत असाच लांब प्रिअँबल होता, तिचीही हीच रड होती. २००६ मध्ये एक्स-मॅकने प्रिअँबलचे तुकडे करून प्रत्येकात पत्ता घातला, तेव्हा कुठे आटोक्यात आलं.

रानवारा
मग तुम्हीच लिहून द्या लोरासाठी एक्स-मॅक. पोराला बाग वाचवायचीय, प्रबंध नाही लिहायचा.

निफाडकर_धाकटा
भांडा नंतर. दोन-तीन नोडची रीडिंग रोज मधूनच गायब होतात, ते पण यामुळेच का?

सोल्डरवाला
सगळे बरोबर १०, २०, ३० व्या मिनिटाला पाठवतात का? आणि निरोप आला की लगेच पुढे ढकलतात?

निफाडकर_धाकटा
हो, अर्थात.

सोल्डरवाला
मग एकाच निरोपाला दोन शेजारी एकाच क्षणी ओरडून पुढे ढकलणार. ते दोघे एकमेकांना ऐकू येत नसतील तर आधी ऐकून मग बोलण्याचाही उपयोग नाही, मधला नोड दोघांच्या आवाजात बहिरा. निदान ढकलण्याआधी प्रत्येकाला वेगवेगळा, यादृच्छिक थांबा द्या.

खडूस_मास्तर
वेळापत्रकात हा प्रश्नच उरत नाही. दर १० मिनिटांनी १० सेकंदांची खिडकी. सगळ्यात लांबचा आधी बोलेल. पुढचा त्यात आपलं रीडिंग घालून एकच पाकीट पुढे देईल. ५० मिलिअँपिअर, १० सेकंद, सरासरी ०.८ च्या आसपास. घड्याळाला डीएस३२३१ घ्या, २ पीपीएमचं (दहा लाखांत २ ची चूक) आहे, महिन्याला ५ सेकंद सरकतं. शेवटी घरच्या नोडने वेळ परत पाठवायची. ईएसपीच्या पोटातल्या घड्याळावर विसंबू नका, उन्हात ते भरकटतं.

रानवारा
आणि मधला एक नोड मेला की मागचे सगळे गेले. हे कोण सांगणार?

खडूस_मास्तर
प्रत्येकाला दोन वाटा द्यायच्या. पहिल्याकडून पोच आली नाही की दुसरा.

निफाडकर_धाकटा
तीन नोडवर मास्तरांचं वेळापत्रक टाकलं. रीडिंग गायब होणं थांबलं. पण डीप स्लीपमध्ये करंट अजून ११ मिलिअँपिअर! नेटवर तर मायक्रोअँपिअर लिहिलंय. चिप डुप्लिकेट आहे का?

सोल्डरवाला
बोर्ड कोणता हे मी पहिल्यांदा विचारायला हवं होतं की तुम्ही सांगायला, ते जाऊ द्या. डेव्ह बोर्ड ना, यूएसबीवाला? त्यावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवणारी चिप) काही न करता ५ मिलिअँपिअर खातो. उरलेलं यूएसबी चिप आणि लाल एलईडी. चिप झोपलीय, बोर्ड जागा आहे. नुसतं ईएसपी मोड्यूल घ्या आणि एचटी७३३३ लावा, तो ४ मायक्रोअँपिअरवर भागवतो. घड्याळाच्या निळ्या बोर्डावरचाही एलईडी उपटा. त्याच बोर्डवर चार्जिंगचा रेझिस्टर असतो, साधा सीआर२०३२ बटणसेल घालणार असाल तर तो आधी काढा, नाहीतर सेल फुगेल.

रानवारा
रेग्युलेटरच कशाला? लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा असतो, थेट ३.३ च्या पिनला जोडा.

सोल्डरवाला
हे मात्र पटलं.

निफाडकर_धाकटा
म्हणजे किती दिवस चालेल?

सोल्डरवाला
सरासरी १ मिलिअँपिअरवर आलात तर कागदावर १०० दिवस. थंडी आणि सेलचं वय धरून ७० समजा. हंगामात एकदा बदलायचा.

हिरवी_मिरची
म्हणजे सोलर नकोच?

सांगलीची_बाग
ओलाव्याचा सेन्सर कोणता घेतलाय? डाऊनीचा (केवडा रोगाचा) अंदाज जमतो का त्यावर? आमचा पहिल्या पावसात गंजला.

निफाडकर_धाकटा
ताई, आधी नऊच्या नऊ नोडची रीडिंग घरी येऊ देत. सोल्डरिंग गन शोधतोय, घरातली चुलतभावाकडे आहे.