मदत हवी आहे: अंटार्क्टिकाला छोटं जहाज घ्यावं का?

मंडळी, आई (वय ६८) आणि मी अंटार्क्टिकाला जायचं म्हणतोय. जहाज शंभरेक प्रवाशांचं घ्यावं की चारशेंचं, इथे घोडं अडलंय. तिथे एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरवत नाहीत. जहाजावर ५०० च्या वर प्रवासी असतील तर कोणीच उतरत नाही. म्हणजे मोठ्या जहाजावर पाळी येईपर्यंत डेकवरूनच दुर्बिणीने पेंग्विन बघायचे. एवढा खर्च करून? पण ड्रेक पॅसेजमध्ये (दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला खवळलेला समुद्र) छोटं जहाज जास्त हलतं, आणि आईला बोट लागते. गोळ्या पुरतात का?

दुसरी काळजी झोडियाकची. त्या रबरी बोटीच्या फुगीर कडेवर बसायचं, पाय बाहेर टाकायचे आणि गमबूट घालून थेट पाण्यात उतरायचं. खलाशी धरतात म्हणा, पण गुडघे दुखणाऱ्या कोणी हे केलंय का?

ज्यांनी छोट्या जहाजाने प्रवास केलाय, त्यांनी लक्षात राहिलेले प्रसंगही जरूर लिहा. माहितीपत्रकातले फोटो नकोत, खरंखुरं सांगा. व्हेल झोडियाकजवळ आला तर इंजिन बंद करतात का? आणि पेंग्विनच्या वसाहतीचा वास दिवसभर कपड्यांना राहतो, हे खरं?

जानेवारी बरा की फेब्रुवारी, तेही सांगा. बुकिंग याच महिन्यात करायचंय.