यामाहा आरएक्स १०० बाईकचा पुढचा शॉकअप गळतोय, सील पुन्हा बदलू का?

प्रश्न: वडिलांची १९९३ ची गाडी. शॉकअपच्या डाव्या पाईपवर तेलाची रिंग येते, ब्रेक दाबला की पुढून बसते. मागच्या पावसाळ्याआधीच ऑइल सील (तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा) टाकले होते. मेकॅनिक म्हणतो, परत टाकू.

उत्तर: थांबा, आधी पाईप बघा. डस्ट कव्हर वर सरकवा, पाईप पुसा आणि नख फिरवा. नख अडकलं तर क्रोमला गंजाचे खड्डे आहेत. नवा सीलही ते फाडणारच. सील जिथे घासतो तिथेच खड्डा असेल तर हार्ड क्रोम (क्रोमचा नवा कडक थर) करून घ्या नाहीतर पाईप बदला. बारीक खरवड असेल तर १००० नंबरचा वॉटर पेपर पुरतो. पाईप काचेवर लोळवून वाकलाय का तेही बघाच. शॉकअपचं तेल दोन्ही बाजूंना मोजून भरा, सारखंच. गॅरेजात उरलेलं इंजिन ऑइल ओततात, ते अजिबात चालवून घेऊ नका.

उत्तर: तेल पुढच्या ब्रेकच्या ड्रमपर्यंत ओघळलंय का? आतले ब्रेक लायनर भिजले असतील तर बदला. घासून वापरू नका, ब्रेकचा प्रश्न आहे.

प्रश्नकर्ता: नख अडकलं, खालच्या बाजूला. पाईप क्रोमिंगला देतोय.