मदत हवी आहे: अण्णांना बोर्डो दाखवायचं आहे (मे-जून, सहा जण, शाकाहारी)

निफाडची सून

नमस्कार मंडळी. माझे सासरे, अण्णा, गेली चाळीस वर्षं निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतात. सगळी खाण्याची द्राक्षं, थॉमसन. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात पाहिलं होतं, अण्णा प्लास्टिकच्या टाकीतल्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवून बसले होते. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, नाही चढला तर फवारायला हरकत नाही. मोरचूद आणि चुन्याचं ते पाणी म्हणजे बोर्डो. आमच्या घरात हा शब्द मीठ-तेलासारखा रोजचा आहे.

मागच्या दिवाळीत माझ्या मुलीने आजोबांना नकाशात दाखवलं की बोर्डो हे फ्रान्समधलं शहर आहे आणि औषधाला नाव तिथूनच मिळालंय. अण्णा बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गाव आहे होय? एकदा बघितलं पाहिजे." पंढरपूरची वारी सोडली तर अण्णांनी स्वतःसाठी कुठे जायचंय असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यामुळे नवरा आणि मी ठरवलंय, यंदा न्यायचंच.

आम्ही सहा जण. अण्णा 68, आई (सासूबाई) 63 (गुडघे दुखतात, सपाटीवर चालतात, पायऱ्या जड जातात), आम्ही दोघं, मुलगी 11 आणि मुलगा 6. हाताशी बारा दिवस आहेत. अण्णा माळकरी आहेत, दारूला हातही लावत नाहीत. आईंना अंडं चालत नाही. वाचावं तिथे बोर्डोची सहल म्हणजे वाइन चाखणं एवढंच दिसतं. आम्हाला बाग बघायची आहे, वाइन नको. असं जमतं का? की तिथले लोक वाईट मानतील?

दुसरी अडचण वेळेची. मुलांना सुट्टी मे महिन्यात. तोडणीनंतरची खरड छाटणी एप्रिलमध्ये उरकते, मेअखेरीस धाकटे दीर बाग सांभाळतील. पण तेव्हा तिथे वेलींवर द्राक्षं नसणार. घड बघायचे तर सप्टेंबर हवा, आणि तेव्हा मुलांची शाळा. काय करावं?

तिसरं, अण्णांचं आयकर विवरणपत्र नाही, सगळं शेतीचं उत्पन्न. व्हिसाला ते आड येईल का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गारोनकाठी

ताई, मी आठ वर्षं याच शहरात राहते. तुमचं वाचून इतका आनंद झाला की ऑफिसातून आल्या आल्या लिहायला बसले.

आधी वेळ. मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा हाच काळ घ्या, मुलांची सुट्टी हे एकच कारण नाही. त्या सुमाराला इथे वेल फुलोऱ्यात येते आणि डाऊनीची (पानं-घड खाणाऱ्या बुरशीची) भीती सगळ्यात जास्त असते, म्हणजे फवारणी जोरात चालू. अण्णा ज्यासाठी येणार ते तेव्हाच दिसेल. सप्टेंबरात तोडणीच्या गडबडीत बऱ्याच लहान बागा पाहुणे घेतच नाहीत.

आता ती गोष्ट, जी अण्णांना जागेवर नेऊन सांगा. 1882 साली बोर्दो (बोर्डोचा इथला उच्चार) विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे मेदोक भागात साँ-ज्युलियँ गावी बागेतून चालले होते. सगळीकडे डाऊनीने पानं गेलेली, फक्त रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार. चौकशी केली तर कळलं, येणारेजाणारे द्राक्षं तोडून खातात म्हणून बागवाल्यांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारला होता. निळा डाग दिसला की माणूस विषाच्या भीतीने हात लावत नसे. चोरांसाठी केलेला उपाय रोगावर चालला. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्यासोबत प्रयोग करून 1885 मध्ये तो जाहीर केला. त्या चाचण्या जिथे झाल्या ती शातो दोझाक नावाची बाग आजही आहे, शहराच्या उत्तरेला मार्गो गावाच्या थोडं अलीकडे. शातो म्हणजे शब्दशः गढी, पण इथे प्रत्येक बागायतदाराच्या वाड्याला शातोच म्हणतात. आधी इमेल करून वेळ ठरवा आणि स्पष्ट लिहा की सासरे द्राक्ष शेतकरी आहेत, मद्य घेत नाहीत, बाग आणि फवारणीबद्दल बोलायचंय. कुणी वाईट मानत नाही. उलट शेतकरी आलाय म्हटल्यावर इथली माणसं जास्त मोकळी होतात, हे माझ्या वडिलांच्या वेळी मी पाहिलंय.

शहरासाठी चार-पाच दिवस पुरे. आईंसाठी बोर्दो फार सोयीचं आहे, गारोन नदीचा काठ मैलोगणती सपाट आहे. बूर्स चौकासमोर पाण्याचा आरसा आहे, साडेतीन हजार चौरस मीटरच्या दगडी फरशीवर जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी. मग ते ओसरतं आणि फरशीतून धुकं वर येतं. मुलं तिथून हलणार नाहीत, कपड्यांचा जादा जोड ठेवा. मेअखेरीस रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणून दुपारी घरी आराम करून संध्याकाळी निघा. मुलाला ट्राम दाखवा. जुन्या भागात वर तारा नाहीत, रुळांच्या मधल्या पट्टीतून वीज मिळते आणि गाडी ज्या तुकड्यावर असेल तेवढ्यातच ती चालू होते.

आणि ट्रामनेच पेसाकला जा. वस्तीच्या मधोमध द्राक्षबागा आहेत, पाप क्लेमाँ त्यातली नावाजलेली. पहिल्याच दिवशी अण्णांना वेली दिसल्या की त्यांचा जीव थाऱ्यावर येईल.

सिते द्यु व्हँ नावाचं मोठं संग्रहालय आहे, 2016 ला उघडलेलं. नावात वाइन असली तरी जगभरच्या द्राक्षशेतीवर बरंच आहे, आणि तिकिटात वाइनऐवजी द्राक्षाचा रस मिळतो. आठव्या मजल्यावरून नदीचं वळण दिसतं. लिफ्ट आहे.

राहायला जुन्या दगडी इमारती छान, पण अनेकींना लिफ्ट नसते. बुकिंगआधी "आसाँसर" आहे का हे विचाराच. उरलेले सहा-सात दिवस खेड्यात भाड्याचं घर घ्या, इथे त्याला जीत म्हणतात. स्वयंपाकघर असतं आणि अंगणापासून बाग सुरू होते.

पिंपळगाव बसवंत

वहिनी, मीही द्राक्षवाला, 2019 ला शेतकऱ्यांच्या गटासोबत गेलो होतो. अण्णांना आधीच सांगून ठेवा, तिथे मांडव नाही. वेल कमरेएवढी, तारेवर बांधलेली, आणि लावण इतकी दाट की आपल्याला पहिले दोन दिवस खरं वाटत नाही. आपण नऊ बाय पाच फुटांवर एकरी साडेनऊशेच्या आसपास झाडं लावतो, मेदोकात मीटर बाय मीटरवर हेक्टरी दहा हजारांपर्यंत जातात. ट्रॅक्टर ओळींच्या डोक्यावरून चालतो, चाकं दोन बाजूंना. ठिबक शोधू नका, जुन्या बागा बहुतेक पावसावरच आहेत. छाटणी वर्षातून एकदा, थंडीत. आपण दोनदा करतो हे सांगितलं की तिथले लोक वही काढतात.

ओळीच्या टोकाला गुलाब दिसतील. भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी) आधी गुलाबावर दिसते म्हणून जुन्या लोकांनी लावलेले.

सोतेर्नला नक्की न्या, शहराच्या आग्नेयेला चाळीसेक किलोमीटर. शरदात सिराँ नावाच्या ओढ्याचं थंड पाणी गारोनला मिळतं, सकाळी धुकं धरतं आणि मण्यांवर बुरशी येते. ती मुद्दाम येऊ देतात! मणी सुकून गोड झाले की एकेक वेचून काढतात. आपण ज्या बुरशीने रात्र रात्र झोपत नाही, तिच्यावर त्यांचा सगळा भाव. मी तिथे अर्धा तास नुसता उभा होतो.

दोन गोष्टी सांभाळा. नुकत्या फवारलेल्या ओळीत विचारल्याशिवाय शिरू नका, मुलांना तर नाहीच. आणि काडी आणायचा मोह होईल, आणू नका. परवान्याशिवाय रोप, काडी, माती भारतात आणता येत नाही.

अजून एक, मन घट्ट करून सांगा. 2023 पासून तिथे सरकारी मदत देऊन बागा उपटणं चालू आहे, तांबड्या वाइनचा खप घटला म्हणून. रस्त्याकडेला रिकामी वावरं आणि मुळांचे ढीग दिसतील. भाव पडल्यावर बागेवर कुऱ्हाड चालवणं अण्णांना नवं नाही, तरी परदेशात ते बघून मला चैन पडलं नव्हतं.

फिरस्ता

व्हिसाबद्दल. विवरणपत्र नसल्याने अडत नाही, पण कागद नीट लावा. शेतीचं उत्पन्न म्हणून विवरणपत्र नाही असं साधं पत्र अण्णांच्या सहीने, सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, द्राक्ष विक्रीच्या पावत्या, बँकेचं सहा महिन्यांचं खातं. खर्च मुलगा करणार म्हणून त्याचं हमीपत्र आणि त्याची विवरणपत्रं. माझ्या आईवडिलांचं असंच झालं. सातबारा उपयोगी पडतो, कारण माणूस परत येणार याचा तो पुरावा.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तुम्ही फेब्रुवारीतच करा. शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 च्या आतल्या मुलांना 45, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान 30 हजार युरोचा. फ्रँकफुर्टला उतरलात तरी मुक्काम फ्रान्समध्ये जास्त, म्हणून अर्ज फ्रान्सकडेच.

पॅरिसला उतरणार असाल तर विमानतळावरूनच थेट बोर्दोला जाणाऱ्या काही टीजीव्ही (वेगवान रेल्वे) आहेत, त्या बघा. नाहीतर माँपार्नास स्टेशन गाठावं लागतं, तिथून दोन तास. सहा जणांचं सामान घेऊन पॅरिस ओलांडणं आईंना झेपणार नाही.

गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. दहा वर्षांखालच्या मुलाला मागे, वयानुसार सीटवर बसवणं सक्तीचं आहे. सात आसनी ऑटोमॅटिक हवी तर आत्ताच आरक्षित करा.

निफाडची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. पिंपळगावकर दादा, तुमचा प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला. बुरशीचं ऐकून ते उठून बसले आणि परत वाच म्हणाले.

तारीख ठरली, 24 मे ते 5 जून. अजून दोन शंका. आईंचं खाणं, आणि सेंत-एमिलियों व समुद्राकाठची वाळूची टेकडी त्यांना जमेल का?

गारोनकाठी

सेंत-एमिलियों सुंदर आहे, 1999 पासून जागतिक वारसा यादीत, पण गाव उतारावर आणि रस्ते गोट्यांचे. रेल्वे स्टेशनही दीड-दोन किलोमीटर लांब. गाडीने वरच्या बाजूला जा, आईंना चर्चच्या चौकात सावलीत बसवा, तिथूनच घरांची छपरं आणि बागा दिसतात. बागांमधून फिरवणारी छोटी आगगाडी आहे, ती मात्र सगळ्यांनी मिळून घ्या.

पिलाची टेकडी शंभर मीटरच्या वर, नुसत्या वाळूची. हंगामात जिना लावतात, दीडशेच्या आसपास पायऱ्या. आईंना नको. त्या दिवशी जवळच्या आर्काशाँ गावी दोन गट करा, मुलं तुमच्यासोबत टेकडीवर, आई-अण्णा धक्क्यावरून बोटीने खाडीत. पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी झोपड्या दिसतात.

खाण्याचं: तूप, पेढे, दुधाचं काहीही आणू नका, युरोपात दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. आंबे आणि कढीपत्ताही नाही. हिंग, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट आणा. तांदूळ, मसूर डाळ, रवा इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, काप्युसँ बाजाराजवळ आशियाई किराणा आहे. भाज्या त्याच बाजारात घ्या, सकाळी, सोमवार सोडून.

आणि कानेले! दुकानादुकानांत दिसणारा तो छोटा तपकिरी केक. त्यात अंड्याचं पिवळं असतं आणि रमसुद्धा. आईंना नाही, अण्णांनाही नाही. कुणी प्रेमाने पुढे केला तर आधीच सांगा.

निफाडची सून

ताई, हे नसतं सांगितलंत तर अण्णांनी नक्की खाल्ला असता.

एक शेवटचं मागणं. अण्णांना तिथल्या शेतकऱ्याला एकच प्रश्न विचारायचाय, आणि तो स्वतःच्या तोंडाने विचारायचाय: बोर्डोला चुना कुठला वापरता? फ्रेंचमध्ये, देवनागरीत लिहून द्याल का? मुलगी रोज पाठ करून घेईल.

गारोनकाठी

घ्या: "बाँजूर मस्य. केल शो युतिलिझे-व्हू पूर ला बुयी बोर्दलेझ?"

शो म्हणजे चुना. बुयी म्हणजे पेज, इथे बोर्डो मिश्रणाला बोर्दोची पेजच म्हणतात. आता बरेच जण तयार भुकटी पाण्यात मिसळतात, त्यामुळे एखादा तरुण म्हणेल की चुना कालवावाच लागत नाही. अशा वेळी अण्णांना म्हणावं, म्हातारा शेतकरी गाठा आणि खिशातून खिळा काढून दाखवा. खिळा मात्र मोठ्या बॅगेत ठेवा, विमानात हातातल्या सामानात नेऊ देणार नाहीत.