मटण खाल्ल्यावर रात्री अंगावर गांधी (खाजऱ्या लाल गाठी) उठतात : नेटवर वाचून मटण सोडावं का?

धंतोलीकर
गोचीड चावताना तिच्या लाळेतून अल्फा-गॅल नावाची साखर शरीरात जाते. काहींचं शरीर तिच्याविरुद्ध आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणारी प्रतिपिंडं, तयार करतं. पुढे तीच साखर बकरा, मेंढी, म्हैस, डुक्कर यांच्या मांसातून आली की गांधी, पोटात कळा, उलट्या, कधी श्वास अडकणं. हा अल्फा-गॅल सिंड्रोम. कोंबडी, मासे, अंडी यांत ती नसते.

लोकांनी हे नेटवर शोधलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. त्रास जेवणानंतर २ ते ६ तासांनी येतो. रात्री ९ चं मटण आणि पहाटे २ ची खाज यांचा संबंध सहजासहजी कोणी जोडत नाही. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्याच ४२ टक्के डॉक्टर-परिचारिकांनी या आजाराचं नावही ऐकलं नव्हतं.

फक्त शब्द नीट टाका. ‘मटण खाल्ल्यावर पित्त’ लिहिलं की आम्लपित्ताचे उपाय समोर येतात : कोकम, थंड दूध. दुधातही थोडं अल्फा-गॅल असतं, काही रुग्णांना त्यानेही त्रास होतो. ‘गांधी’ लिहा, ‘किती तासांनी’ लिहा, ‘अल्फा-गॅल’ लिहा. आणि इंग्रजी पानांवर बीफ, पोर्क, लॅम्ब दिसतं म्हणून ‘आपण तर बकरा खातो’ असं समजून पान बंद करू नका. बकऱ्यातही ही साखर आहे.

काटोलकर
माझा विरोध आहे. अमेरिकेत याला मुख्यतः कारण ठरलेली लोन स्टार गोचीड तिकडचीच. नकाशे तिचे, आकडे तिकडचे. इथे सावजीच्या रश्श्यात खसखस, सुकं खोबरं, दगडफूल आणि वर बोटभर तर्री. मध्यरात्री मळमळ, जळजळ झाली तर आधी तेल-तिखट बघा, पित्ताशयातले खडे बघा. खसखशीची अ‍ॅलर्जीही असते.

त्याहून वाईट म्हणजे वाचून थेट लॅबमध्ये जाणं. जर्मनीत वनकर्मचारी आणि शिकाऱ्यांची तपासणी झाली तेव्हा ३५ टक्के लोकांच्या रक्तात हे आयजीई सापडलं, त्रास मात्र त्यातल्या थोड्यांनाच होता. लक्षण नसलेल्या माणसाच्या हातात ‘पॉझिटिव्ह’ कागद आला की घरातलं मटण, दूध, दही सगळं बंद. गावाकडचा गडी दूधही सोडून बसला तर ते नुकसान कोण भरून देणार?

रामटेक रोड
लोन स्टारचा मुद्दा टिकत नाही जी. ऑस्ट्रेलियात इक्सोडिस होलोसायक्लस, युरोपात इक्सोडिस रिसिनस, जपानात हिमाफायसॅलिस लाँगिकॉर्निस. जाती वेगवेगळ्या, आजार एकच.

मसाल्याच्या शंकेचं उत्तर घरातच आहे. तोच सावजी मसाला, तेवढंच तेल, पण चिकनवर. ते दहादा पचलं आणि मटणालाच, तेही दरवेळी नाही पण उशिराने, गांधी उठल्या, तर खसखशीला दोष देता येत नाही. हे मागचं आठवून ठरवायचं. मुद्दाम खाऊन बघायचं नाही, श्वासाचा त्रास होऊन गेला असेल तर मुळीच नाही.

दुसरी खूण श्रावणाची. मटण बंद, महिनाभर अंग शांत आणि पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मटण खाल्लं की रात्री परत गांधी.

काटोलकर
चिकनचा मुद्दा मान्य, तो चांगला आहे. श्रावणाचा कच्चा आहे. त्या महिन्यात कित्येक घरांत मासे, अंडी, दारू, कांदा-लसूणही बंद असतं. थांबलं ते नेमकं कशामुळे, कसं सांगणार? उलट ज्याला दुधानेही होतं त्याला श्रावणात साबुदाण्याबरोबरच्या दह्याने, खिरीने त्रास सुरूच राहील आणि तो म्हणेल, मटणाचा संबंध नाही.

सदरवाला
मग डॉक्टरकडे नेमकं काय घेऊन जायचं?

धंतोलीकर
महिन्याभराची वही. काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता, काय झालं. मांस कुठलं तेही लिहा : गुर्द्यात अल्फा-गॅल फार जास्त, चरबीदार तुकडा साध्या लाल तुकड्यापेक्षा जास्त त्रास देतो, खुराच्या रश्श्यात जिलेटिन, तेही जनावराचंच. त्या रात्री दारू, आधी व्यायाम किंवा दुखण्याची गोळी घेतली का, हेही हवं. यांनी त्रास वाढतो, म्हणूनच तो कधी होतो, कधी नाही. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचंच असतं, म्हणून औषधंही लिहा. गोचीड कधी चावली ती तारीख वर. अंगावर काहीच न उठता नुसत्या कळा, जुलाब होणारेही रुग्ण असतात.

आणि चिठ्ठीवर ‘टोटल आयजीई’ नको, त्यातून काही ठरत नाही. ‘अल्फा-गॅल स्पेसिफिक आयजीई, ओ २१५’ असं लिहून घ्या, ओ २१५ हा तपासणीचा कोड. ०.१ किलोयुनिट प्रति लिटरच्या वरचा आकडा वहीशी जुळला तरच अर्थ आहे. इथपर्यंत काटोलकर भाऊंशी माझं एकमत.

काटोलकर
मग ‘वाचून मटण सोडा’ असं म्हणू नका. ‘वाचून वही धरा’ म्हणा.

धंतोलीकर
ज्याचा घसा एकदा आवळलाय त्याने तपासणी होईपर्यंत मटण थांबवावंच. नुसत्या गांधीवाल्यापुरतं तुमचं मानतो.

कोराडीकर
दोघंही एक गोष्ट सोडताय. श्वास अडकला, चक्कर आली, तर सेट्रिझिनवर (अ‍ॅलर्जीच्या गोळीवर) थांबू नका. १०८ लावा, माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा, उठवून चालवू नका. धाप लागली असेल तर टेकवून बसवा. दवाखान्यात आधी अ‍ॅड्रेनॅलिन : मोठ्या माणसाला १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या अँप्यूलमधून ०.५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. फरक नाही पडला तर ५ मिनिटांनी परत. अ‍ॅव्हिल (अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन) आणि स्टेरॉइड त्यानंतर.

तेंदूपत्ता, मोहफुलं वेचणाऱ्यांसाठी : संध्याकाळी काखा, कंबर, जांघा, गुडघ्यामागे बघा. गोचीड दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरा, फुगलेल्या पोटाला नाही, आणि सरळ वर ओढा. रॉकेल, चुना, तंबाखू, काडीचा चटका काहीही नको. जागा साबणाने धुवा. तपासणीला दुसऱ्या दिवशी पळू नका, आयजीई तयार व्हायला काही आठवडे लागतात. नवी गोचीड चावली नाही तर पुष्कळांचं आयजीई वर्षा-दोन वर्षांत उतरत जातं.