जुन्या थिएटर स्पीकरच्या धातूच्या हॉर्नला डॅम्पिंग केल्याने आवाज खरोखर सुधारतो का?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. आमच्या जिल्ह्यातले एक जुने एकपडदा चित्रपटगृह पाडले गेले तेव्हा पडद्यामागच्या अल्टेक कंपनीच्या 811बी हॉर्नची (आवाज पुढे फेकणाऱ्या धातूच्या कर्ण्यांची) जोडी 802 ड्रायव्हरसकट (हॉर्नमागे बसून आवाज निर्माण करणाऱ्या भागासकट) मला मिळाली. खालच्या सुरांचे 15 इंची वूफर वेगळ्या ठिकाणाहून घेतले, बॉक्स सुताराकडून करून घेतले आणि क्रॉसओव्हर (खालचे सूर वूफरला, वरचे हॉर्नला वाटून देणारे सर्किट) 800 हर्ट्झवर ठेवला आहे. माझे ऐकणे मुख्यतः नाट्यसंगीत, अभंग आणि जुनी हिंदी चित्रपटगीते. या हॉर्नवर गाणाऱ्याचा आवाज असा समोर येऊन उभा राहतो, की त्याची सर मी यापूर्वी वापरलेल्या कोणत्याही स्पीकरला येत नाही. त्यामुळे ही जोडी बदलण्याचा विचार माझ्या मनातही नाही.

अडचण अशी आहे की, हार्मोनियमचे वरचे सूर आणि स्त्रीकंठातल्या तार सप्तकातल्या जागा कानाला टोचतात. हॉर्न मोकळा करून त्याच्या रुंद पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केले, तर तो कांशाच्या थाळीसारखा बराच वेळ घुमत राहतो. ही घुमच गाण्यात मिसळत असावी, अशी माझी शंका आहे. एका जाणकारांनी बाहेरून डांबराचा जाड थर देण्यास सांगितले. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, मूळ रंगावर काहीही फासले की वस्तूची किंमतही जाते आणि आवाजाचा जिवंतपणाही जातो. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे की, डॅम्पिंगने, म्हणजे कंपन दाबणाऱ्या अशा थराने, नेमका काय फरक पडतो आणि करायचेच झाल्यास आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकेल असे काय वापरावे? माझी खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली आहे.

पांझरातीर (धुळे)

भाऊ, जोडी उत्तम मिळाली आहे, अभिनंदन. आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, असे मला वाटते. हॉर्न ठोकल्यावर घुमतो ही एक गोष्ट आणि गाणे कानाला टोचते ही दुसरी. पहिलीमुळेच दुसरी घडते, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

बोटाचे पेर धातूवर थेट आघात करते. गाणे चालू असताना हॉर्नच्या भिंतीला असा आघात कोणी करत नाही; तिथे असतो तो आतल्या हवेचा दाब आणि मागे बसवलेल्या ड्रायव्हरची कंपने. अॅल्युमिनियमची घनता घनमीटरला सुमारे 2700 किलो, तर हवेची जेमतेम 1.2 किलो. घनता आणि ध्वनीचा वेग या दोहोंचा गुणाकार घेतला, तर अॅल्युमिनियमचा ध्वनिरोध हवेच्या सुमारे चाळीस हजारपट निघतो, म्हणून हवेतली ऊर्जा धातूत शिरण्याऐवजी बहुतांशी परत फिरते. ड्रायव्हरचे म्हणाल, तर त्यातला हलणारा पडदा (डायफ्राम) आणि कॉइल मिळून काही ग्रॅमच भरतात आणि त्यांच्या हालचालीची प्रतिक्रिया कित्येक किलो वजनाच्या चुंबकावर होते, त्यामुळे तिकडून हॉर्नला मिळणारा धक्काही फार लहान असतो.

मात्र एवढ्यावरून भिंतीचा आवाज शून्य असतो, असे मी म्हणणार नाही. हा हिशेब जाड, अखंड धातूचा आहे. पातळ आणि सपाट पत्रा आपल्या नैसर्गिक कंप्रतेला वाकून हलतो, त्या ठराविक कंप्रतेला थोडी ऊर्जासुद्धा त्याला पुरते, आणि तिथे मूळ आवाज थांबल्यावरही त्याची शेपटी रेंगाळते. 811बी ओतीव अॅल्युमिनियमचा आहे, तरी त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजू रुंद आणि बऱ्याच अंशी सपाट आहेत. तेव्हा परिणाम असलाच, तर तो त्या दोन पृष्ठभागांवर आणि मोजक्या कंप्रतांना असणार.

याची परीक्षा काहीही न चिकटवता करता येते. आपण नेहमीच्या जागी डोळे मिटून बसा, गाणे नेहमीच्या आवाजात लावा आणि घरातल्या कोणाला तरी मागे उभे करून हॉर्नच्या वरच्या व खालच्या बाजूवर दोन्ही तळवे घट्ट दाबण्यास आणि मधूनच सोडण्यास सांगा. केव्हा दाबले, ते त्यांनी आपल्याला सांगायचे नाही. तळवा हा फार चांगला डॅम्पर आहे, ठोकून पाहिल्यास तो घूम जागीच मारतो हे आपल्या लक्षात येईल. तळवे दाबल्याचे आपल्याला गाण्यात ओळखता आले नाही, तर डांबरानेही ओळखण्याजोगा फरक पडणार नाही. आणखी खोलात जायचे असल्यास बझरमध्ये असते तशी पिझो चकती दुहेरी टेपने हॉर्नच्या पाठीवर लावा, तिची वायर लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत द्या आणि 500 हर्ट्झपासून वर सरकणारा सूर सोडा. भिंत कुठे जागी होते, ते आलेखावर उंच टोकासारखे स्पष्ट दिसेल.

टोचण्याची कारणे मी आधी दुसरीकडे शोधेन. हॉर्नवरचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर वूफरपेक्षा पुष्कळ संवेदनशील असतो, हा फरक सहज 6 ते 10 डेसिबलचा भरतो. तो एल-पॅडने (आवाजाची पातळी कमी करणाऱ्या रोधकाने) नीट खाली आणला नसेल, तर तार सप्तक टोचणारच, आणि त्याचा दोष मात्र धातूच्या माथी जातो. दुसरे असे की, 811 ची रचनाच 800 हर्ट्झपर्यंतची आहे आणि आपला क्रॉसओव्हर नेमका तिथेच आहे. स्वतःच्या खालच्या सीमेजवळ कोणताही हॉर्न ड्रायव्हरच्या पडद्याला नीट भार देत नाही, शिवाय तोंडाच्या कडेवरून परतणाऱ्या लहरींमुळे तिथल्या प्रतिसादात चढउतार होतात. नाकात बोलल्यासारखा जो ‘हॉर्नी’ आवाज म्हणतात, तो पुष्कळदा इथूनच येतो. क्रॉसओव्हर 1000 ते 1200 हर्ट्झवर नेऊन पाहावा. जुने कपॅसिटर असतील, तर त्यांची धारिता (कपॅसिटन्स) मोजून घ्यावी, कारण दशकांनंतर ती मूळ आकड्यावर राहिलेली असण्याची खात्री नसते. हे सगळे झाल्यावरही काही उरले, तर डॅम्पिंगचा विचार अवश्य करावा.

यात्रेकरू (शहादा)

धुळ्याच्या दादांचे गणित मान्य आहे, पण त्यांनी डॅम्पिंगला जरा जास्तच शेवटच्या रांगेत बसवले आहे, असे मला वाटते. आमचा पिढीजात व्यवसाय मंडप आणि साउंडचा आहे. सारंगखेड्याच्या यात्रेपासून लग्नसराईपर्यंत सगळीकडे कर्णे लावण्यात आमचे आयुष्य गेले. ओतीव हॉर्न आणि पत्र्याचा हॉर्न यांना एकाच मापाने मोजू नये, हे मला येथे आग्रहाने सांगायचे आहे.

अल्टेकचेच उदाहरण घ्या. त्यांचे जुने मल्टिसेल्युलर हॉर्न, म्हणजे अनेक चौकोनी नळ्या एकत्र जोडून केलेले, पातळ पत्र्याचे असत आणि त्या नळ्यांच्या बाहेरच्या अंगाला डांबरासारखा जाड थर कारखान्यातूनच दिलेला असे. ज्यांनी हॉर्न बनवले, त्यांनाच पत्र्याची घूम मारावीशी वाटली, तेव्हा हा केवळ हौशी लोकांचा भ्रम आहे, असे कोणी समजू नये. तेच लोक 811 आणि 511 ओतीव अॅल्युमिनियममध्ये करू लागले, तेव्हा मात्र त्यांनी असा थर दिला नाही. यातून मी एवढाच अर्थ काढतो की, भिंत जितकी पातळ आणि सपाट, तितकी डॅम्पिंगची गरज जास्त.

माझा अनुभव असा आहे की, मैदानात पूर्ण ताकदीने वाजवताना डॅम्प केलेला आणि न केलेला हॉर्न यांतला फरक शेजारी उभ्या माणसाला कळतो. न केलेल्या हॉर्नमध्ये शब्दांच्या कडा थोड्या फुटतात, विशेषतः निवेदकाच्या आवाजात ‘ट’, ‘ठ’, ‘च’ ही अक्षरे. घरातल्या बेताच्या आवाजाला हा फरक बराच कमी होतो.

काहीही चिकटवण्यापूर्वी सगळे बोल्ट, जाळी आणि हॉर्नला बॉक्सवर धरणारी पट्टी एकदा हाताने हलवून पाहावी. ज्याला लोक हॉर्नची घूम म्हणतात, ती कित्येकदा सैल वॉशरची झरझर असते. ठराविक सुरालाच येते आणि बोट ठेवले की थांबते, म्हणून फसगत होते.

जुनी तबकडी (अमळनेर)

एक मुद्दा राहून जात आहे, तो तबकड्या ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मूळ प्रश्नकर्त्यांनी नाट्यसंगीताचा उल्लेख केला आहे. विद्युत ध्वनिमुद्रण 1925 च्या सुमारास सुरू झाले. त्याआधीच्या 78 आरपीएमच्या तबकड्या माइकशिवाय मुद्रित होत. गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर तोंड करून गात असे आणि त्या कर्ण्यातल्या हवेच्या दाबानेच मेणावर सुई चालत असे. त्या मुद्रणाच्या कर्ण्यांनाही स्वतःची घूम होती, म्हणून ध्वनिमुद्रक त्यांच्यावर बाहेरून कापडी पट्ट्या गुंडाळत. म्हणजे हा प्रश्न आपल्या थिएटर स्पीकरहून जुना आहे, आणि उपायही तोच होता!

याचा व्यवहारातला अर्थ असा की, जी टोच आपण स्पीकरमध्ये शोधत आहात, ती तबकडीतच कोरलेली असू शकते, आणि तशी असेल तर हॉर्नला कितीही थर दिले तरी ती निघणार नाही. म्हणून परीक्षेसाठी जुने नाट्यगीत घेऊ नये. स्वच्छ मुद्रित झालेला, बोलण्याचा, एकाच माणसाचा आवाज घ्यावा. माणसाच्या बोलण्यातला खोटेपणा आपला कान जितक्या चटकन पकडतो, तितका तो वाद्यमेळातला पकडत नाही. आणि डॅम्पिंग केलेच, तर आधी एकाच हॉर्नला करावे. दोन्ही स्पीकरना एकच मोनो सिग्नल देऊन बॅलन्सचे बटण डावी-उजवीकडे फिरवावे आणि नंतर ड्रायव्हर आपापसांत बदलून पुन्हा ऐकावे, म्हणजे फरक ड्रायव्हरचा आहे की हॉर्नचा, याचा निवाडा होईल. दोन्ही हॉर्न एका दिवशी थापून मोकळे होणाऱ्याला ‘सुधारला’ असेच वाटते, कारण तुलना करायला मूळ आवाज समोर उरलेलाच नसतो.

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे करून पाहिले, त्याचा वृत्तान्त देतो. एल-पॅडने हॉर्न खाली आणला आणि क्रॉसओव्हर 1200 वर नेला, तेव्हा बरीचशी टोच गेली. हार्मोनियम आता गायकाच्या मागे बसतो, पूर्वी तो पुढे येऊन बसत असे. एका बाजूच्या ड्रायव्हरचे गॅस्केट (सांध्यातली मऊ चकती) वाळून चिरलेले निघाले, ते बदलले. नंतर तळव्यांची परीक्षा घरच्यांच्या मदतीने घेतली. भरलेल्या वाद्यमेळात मला दाबलेले आणि सोडलेले ओळखता आले नाही. बोलण्याच्या आवाजात मात्र, आणि तबल्याच्या चाटीवरच्या सुट्या बोलांत, बऱ्याचदा बरोबर ओळखता आले. फरक लहान आहे; बोल संपल्यावरची शांतता थोडी लवकर येते, इतकाच. पिझो चकतीनेही क्रॉसओव्हरच्या जरा वर एक टोक दाखवले आणि तळवा ठेवताच ते खाली बसले.

एवढ्यासाठी मी थर देण्यास तयार आहे, पण मूळ रंग खराब होता कामा नये. कोणते साहित्य घ्यावे?

यात्रेकरू (शहादा)

डांबर अजिबात नको. रस्त्याच्या साध्या डांबराचा मऊ होण्याचा बिंदू 50 अंशांच्या आसपास असतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेरच पारा 45 वर जातो, मग आपल्या पत्र्याखालच्या खोलीत तो थर ओघळून वूफरवर उतरेल. एम-सीलसारखी कडक होणारी पुटीही नको. ती वजन वाढवते, पण कंपन गिळत नाही, आणि नंतर निघतही नाही.

पत्र्याची गळती बुजवायला हार्डवेअरच्या दुकानात अॅल्युमिनियम फॉइल लावलेला ब्यूटाइल टेप मिळतो, तो घ्यावा. मोटारीच्या दारांत लावतात त्या शीटचा गाभाही तोच असतो. चिकट, लवचीक ब्यूटाइल एका बाजूला हॉर्न आणि दुसऱ्या बाजूला फॉइल यांच्यामध्ये अडकते, भिंत वाकली की ते ताणले जाते आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरते. म्हणून फॉइल असलेलाच घ्यावा, नुसता ब्यूटाइलचा पट्टा त्याच्या निम्मेही काम करत नाही.

रंग जपायचा असेल, तर आधी पातळ कागदी मास्किंग टेप लावून त्यावर ब्यूटाइल चिकटवण्याचा मोह होईल, पण तसे करू नका. मध्ये सैल थर आला की पकड जाते. पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, वरच्या आणि खालच्या सपाट बाजूच्या मधोमध एकेक तुकडा लावावा आणि लाकडी लाटण्याने दाबून हवा काढावी. पुढे काढायचा झाल्यास हेअर ड्रायरने ऊब देऊन हळूहळू सोलावा आणि उरलेला चिकटा पेट्रोलच्या फडक्याने नव्हे, तर खाण्याच्या तेलाने मऊ करून पुसावा. संपूर्ण हॉर्न मढवण्याची गरज नाही. आतल्या बाजूला काहीही लावू नये, आतला वक्र म्हणजेच हॉर्न.

पांझरातीर (धुळे)

चाटीच्या बोलांचे निरीक्षण फार उपयुक्त आहे, आणि यात्रेकरू दादांचा मुद्दा त्याने बळकट होतो. तुकडे एकाच हॉर्नला लावून पिझोचा आलेख पुन्हा काढा आणि दोन्ही आलेख येथे टाका. एक विनंती: 802 चे सगळे वजन त्या हॉर्नच्या घशावर टांगते ठेवू नका. चुंबकाखाली लाकडी ठोकळा आणि त्यावर रबराचा तुकडा देऊन आधार द्या, म्हणजे फ्लँजवरचा (ड्रायव्हर जोडायच्या कडेवरचा) ताण जाईल आणि नवे गॅस्केट सगळीकडे सारखे बसेल.